पाण्यात धावून दम टिकतो का, आणि मनाचं काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही १५०० मीटर धावता. नडगीच्या हाडाला ताणाने इजा झाली, डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद केलं आणि पाण्यातल्या सरावाला परवानगी दिली. गेले दोन आठवडे तुम्ही रोज कमरेला तरंगण्याचा पट्टा बांधून खोल पाण्यात पाऊण तास पाय हलवताय. मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके वर जाताना दिसत नाहीत, धाप लागत नाही, कंटाळा येतो. घरी आल्यावर चिडचिड होते, झोप तुटक लागते. कोच म्हणतात, 'पाण्यात मन शांत होतं, चालू ठेव.' तुम्हाला जाणून घ्यायचंय की हा खरंच सराव आहे, की तुमची समजूत काढणं चाललंय.

सराव होऊ शकतो, आणि चांगला होऊ शकतो. तुम्ही ज्या पद्धतीने करताय त्यात मात्र अजून फारसा होत नाहीये. जखमी धावपटूंसोबत काम करताना हे मला सारखं दिसतं: 'तलावात जा' एवढंच सांगितलं जातं, तिथे काय करायचं ते कुणी सांगत नाही. ट्रॅकवर ज्याला प्रत्येक फेरीची वेळ दिली जाते, त्याच खेळाडूला पाण्यात 'पाऊण तास कर' म्हणून सोडून देतात. तुमच्या दोन्ही तक्रारींचं, दम न लागण्याचं आणि मन बिघडण्याचं, मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे. बऱ्याच अंशी म्हणतो, कारण मनाच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. तिच्याकडे खाली येतो.

आधी एक अट. हाडाची इजा नेमकी कुठे आहे यावर बरंच अवलंबून आहे. नडगीच्या आतल्या-मागच्या कडेची इजा सहसा नीट भरून येते. तीच पुढच्या बाजूला असेल, किंवा मांडीच्या हाडाच्या मानेत किंवा पावलाच्या मधल्या हाडात असेल, तर डॉक्टर वेगळे नियम लावतात आणि ते पाळायचे असतात. पाण्यात जोर लावताना नडगीत एकाच जागी बोट ठेवता येईल असं दुखलं, तर त्या दिवशी थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. खालचं सगळं 'पाण्यात काही दुखत नाही' हे धरून लिहितोय.

आता पाणी शरीराशी काय करतं ते पाहू. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर साधारण निम्मं वजन उरतं, छातीपर्यंत एक तृतीयांशाच्या आसपास, आणि मानेपर्यंत जेमतेम दहावा हिस्सा. पट्टा बांधून खोल पाण्यात तळाला पाय लागतच नाहीत, म्हणजे जमिनीचा आघात शून्य. हाड बरं होण्यासाठी हेच हवं. पण याला दुसरी बाजू आहे. जमिनीवर अगदी रमतगमत धावलात तरी दर पावलाला शरीराचं वजन उचलावं आणि झेलावं लागतं, त्यामुळे मेहनत एका पातळीच्या खाली जाऊच शकत नाही. खोल पाण्यात अशी खालची पातळी नसते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे आणि त्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: पाय दुप्पट वेगाने फिरवला तर रोध चौपट. उलट हळू फिरवला तर पाणी जवळपास काहीच मागत नाही. त्यामुळे पाऊण तास एका संथ लयीत पाय हलवले की दम लागत नाही, यात नवल नाही.

ठोक्यांचं कोडं वेगळं आहे. मानेपर्यंत पाण्यात असताना पाण्याचा दाब पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे ढकलतो. सुमारे ७०० मिलिलिटर रक्त वर सरकतं. हृदय जास्त भरतं, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकतं, आणि तेवढंच काम कमी ठोक्यांत होतं. म्हणून खोल पाण्यात जीव तोडून धावलात तरी सर्वाधिक ठोके जमिनीपेक्षा साधारण १० ते १५ने कमी भरतात. पाणी गार असेल तर हा आकडा आणखी खाली येऊ शकतो. त्यातून मनगटावरच्या घड्याळाचा प्रकाशाने नाडी मोजणारा सेन्सर पाण्यात भरवशाचा राहत नाही. तेव्हा ट्रॅकवरचे हृदयगतीचे टप्पे पाण्यात लावू नका. त्या आकड्याकडे बघून उगाच खचायला होतं.

मोजायचं काय मग? स्वतःला जाणवणारी मेहनत. गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी अनेकांना माहीत असते. मी पाण्यासाठी साधी १ ते ५ ची वापरतो: १ म्हणजे गप्पा मारत, ३ म्हणजे तुटक वाक्यं, ४ म्हणजे दोन-तीन शब्द, ५ म्हणजे बोलणं अशक्य. जोडीला पायांची गती मोजा. उजवा गुडघा अर्ध्या मिनिटात किती वेळा वर आला ते मोजून दुप्पट करा. ट्रॅकवरच्या गतीशी याची तुलना करायची नाही. पाण्यात ती बरीच कमीच भरणार. स्वतःचा पातळी ३ चा, ४ चा आणि ५ चा आकडा लिहून ठेवा आणि पुढच्या सरावात तो धरून ठेवा. मेहनत तीच वाटत असताना गती वाढू लागली, तर प्रगती चालू आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, दम टिकतो का. पूर्ण विश्रांती घेतली तर काय होतं ते एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं. चांगल्या तयारीच्या खेळाडूंनी सराव थांबवल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत ७ टक्के घटली आणि ५६ दिवसांनंतर १६ टक्क्यांवर जाऊन थांबली. दुसरीकडे, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धावपटूंनी चार आठवडे फक्त खोल पाण्यात धावण्याचा सराव केला आणि त्यांची ५ किलोमीटरची वेळ जशीच्या तशी राहिली. सहा आठवड्यांच्या प्रयोगातही असंच दिसलंय. हे गट लहान होते, हे विसरायचं नाही. पण माझ्या कामात जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं, एका अटीवर: सरावात जोराचे टप्पे ठरवून घातलेले हवेत. नुसतं तरंगणाऱ्यांना हा फायदा मिळताना मी पाहिलेला नाही.

जोर लावायचा तर आधी ढब नीट हवी, कारण पाणी चुकीच्या ढबीला मदत करतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं मागे रेलून गुडघे वर-खाली करणं. त्यात मांडीच्या पुढचा भाग थकतो आणि नितंबांना कामच मिळत नाही. दुसरी चूक हातांची. खेळाडू नकळत तळवे पसरून पाणी खाली दाबतो, हातांवर तरंगतो आणि पाय आळशी होतात. मुठी सैल मिटा, कोपर मागे ढकला, हात ट्रॅकवर जातात तसेच पुढे-मागे जाऊ द्या. धड किंचित पुढे झुकलेलं, कमरेतून वाकलेलं नाही. हनुवटी पाण्याच्या वर, नजर समोर. गुडघा वर येतो, मग पाऊल खाली आणि मागे पाणी ओढत शरीराच्या मागपर्यंत जातं. खरं काम या मागे ओढण्यात आहे. यात तुम्ही थोडे पुढे सरकाल, पण पुढे सरकणं हे उद्दिष्ट नाही. पुढे जाण्याच्या नादात अंग आडवं झालं की ते पोहणं होतं. पट्टा घट्ट बांधा. सैल पट्टा छातीकडे सरकतो आणि पाठीला बाक येतो. पहिले काही दिवस कुणाकडून तरी बाजूने व्हिडिओ काढून घ्या. स्वतःची ढब पाण्यात आतून अजिबात कळत नाही.

सरावाचा आराखडा मी तुमच्यासारख्या मध्यम पल्ल्याच्या धावपटूला साधारण असा देईन. आठवड्यात दोन दिवस जोराचे. एक दिवस लांब तुकड्यांचा: १० मिनिटं हलकं, मग ३ मिनिटं पातळी ४ आणि १ मिनिट हलकं असं सहा वेळा, शेवटी पुन्हा हलकं. दुसरा दिवस छोट्या तुकड्यांचा: ४५ सेकंद पातळी ५, ३० सेकंद हलकं, दहाच्या दोन फेऱ्या, मध्ये ३ मिनिटांची उसंत. ट्रॅकच्या मानाने विश्रांती कमी वाटेल. ती मुद्दाम कमी ठेवलीय, कारण पाण्यात ठोके लवकर खाली येतात आणि पायांना आघात झालेला नसतो. जास्त थांबलात की सगळी मेहनत वाया जाते. दोन दिवस ४० मिनिटांचे, पातळी २ ते ३ चे, आणि त्यातही दर पाच मिनिटांनी एक मिनिट गती वाढवायची. एक दिवस नुसतं पोहा, येत असेल तर. एक दिवस पाण्यापासून सुट्टी. उरलेला दिवस अंगाला विचारून ठरवा. आकडे दगडावरची रेघ नाहीत. कमी तयारीच्या खेळाडूला मी तीन तुकड्यांपासून सुरू करतो.

पाण्याचं तापमान विचारून घ्या. स्पर्धेच्या तलावात ते २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवतात आणि जोराच्या सरावाला तेच बरं. उपचारासाठीच्या गरम तलावात, ३३ अंशांच्या पुढे, असे तुकडे मारले तर उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही आणि डोकं गरगरतं. घाम दिसत नाही म्हणून तहान विसरू नका. पाण्याच्या दाबाने लघवीही जास्त होते, तेव्हा काठावर बाटली हवीच.

पाणी काय टिकवत नाही, तेही स्पष्ट सांगतो, कारण परतल्यावर दुसरी दुखापत इथूनच होते. पाण्यात स्नायू जवळजवळ सगळं काम आखडताना करतो. जमिनीवर पाऊल टेकताना पोटरी आणि मांडी लांबत असताना जो ताण झेलतात, तो इथे नसतोच. हाडाला आघात मिळत नाही. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, स्प्रिंगसारखी ताणली जाऊन परत सुटत नाही. त्यामुळे सहा आठवड्यांनी तुमची छाती ट्रॅकवर उतरायला तयार असेल, पण पोटऱ्या आणि नडगी नसतील. दम शाबूत असलेला खेळाडू जास्त धोक्यात असतो, कारण त्याला थांबावंसंच वाटत नाही. डॉक्टर परवानगी देतील तेव्हापासून जमिनीवर ताकदीचा व्यायाम सुरू करा, त्यात टाच उचलून सावकाश खाली आणण्याचा व्यायाम असू द्या. उड्यांच्या खेळांतले वाचक असतील तर त्यांच्यासाठी एक वाक्य: छातीएवढ्या पाण्यात उड्यांचा सराव उडीची उंची वाढवू शकतो आणि त्यानंतर अंगही कमी दुखतं, पण उतरतानाचा आघात झेलायला शेवटी जमिनीवरच शिकावं लागतं.

आता मन. तुमच्या कोचचं म्हणणं अर्धं खरं आहे. व्यायामाने मनःस्थिती सुधारते, पाण्यातल्या व्यायामानेही सुधारते, आणि दुखऱ्या अंगाला वजन नसल्याचा आराम वेगळाच असतो. पण पाणीच मन शांत करत असतं, तर सरावाच्या ऐन हंगामात पोहणारे खेळाडू सगळ्यांत आनंदी दिसायला हवे होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात विल्यम मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी पोहणाऱ्या खेळाडूंच्या मनःस्थितीची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. १९८७ मध्ये त्यांनी मांडलेलं निरीक्षण असं की सरावाचा भार वाढत गेला तसतशी मनःस्थिती पायरीपायरीने बिघडली आणि भार कमी केल्यावर सुधारली. तेही रोज पाण्यातच होते. फरक पडतो तो किती भार, कशासाठी आणि कुणाबरोबर, याने.

तुमच्या बाबतीत काय हरवलंय ते बघा. रोजची ठरलेली वेळ होती, गट होता, आजचं लक्ष्य होतं, आणि संपल्यावर 'झालं' असं वाटायचं. दोन आठवड्यांत हे सगळं एकदम गेलं आणि त्या जागी आली एकटीने घालवायची पाऊण तासाची पोकळी. जोमाने सराव करणाऱ्या माणसाचा सराव अचानक थांबला की चिडचिड, सुस्ती, झोप बिघडणं हे होतंच. त्यात तुमचं मन कमकुवत आहे असं काही नाही. माझ्या अनुभवात यावर सगळ्यांत लवकर लागू पडतो तो आखलेला सराव. तुकडे मोजायचे, वहीत लिहायचे, आणि आठवड्यातून निदान एकदा कुणाबरोबर तरी पाण्यात उतरायचं. गटाचा ट्रॅकवरचा सराव ज्या वेळी असतो, त्याच वेळी तुमचा तलावातला ठेवता आला तर फार बरं. कोचने काठावर उभं राहून वेळ पुकारली तर त्याहून बरं. तुमच्या कोचना हे जरूर सांगा. 'चालू ठेव' म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मन मोजताही येतं. १९७१ मध्ये आलेली आणि खेळाडूंच्या मनःस्थितीसाठीही वापरली जाणारी एक प्रश्नावली ताण, उदासी, राग, जोम, थकवा आणि गोंधळ अशा सहा गोष्टी पाहते. मॉर्गन यांना यशस्वी खेळाडूंमध्ये जोम सरासरीच्या बराच वर आणि बाकी पाच खाली असं चित्र दिसलं. तुम्हाला पूर्ण प्रश्नावलीची गरज नाही. सकाळी उठल्यावर जोम, थकवा आणि चिडचिड यांना ० ते १० गुण द्या, आणि सरावानंतर तासाभराने पुन्हा. पाण्यातून बाहेर आल्या आल्या देऊ नका, तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटतं. सरावानंतरचे आकडे सुधारतात पण सकाळचे दिवसेंदिवस घसरतात, असं दिसलं तर भार जास्त होतोय किंवा दुसरं काहीतरी चाललंय.

हे 'दुसरं काहीतरी' म्हणजेच सुरुवातीला उल्लेख केलेली शक्यता. हाडाला ताणाची इजा, झोप तुटणं, चिडचिड, थकवा हे एकत्र दिसलं की मी पहिला प्रश्न विचारतो: पुरेसं खाताय का? मेहनतीच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडत राहिली की हाडं, संप्रेरकं आणि मन तिन्हींवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं. पुरुष खेळाडूंनाही हे होतं. मासिक पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल तर ती फार महत्त्वाची खूण आहे, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ती त्यांना सांगायची. दुखापतीच्या काळात 'आता धावत नाही, वजन वाढेल' या भीतीने अनेक जणी खाणं आणखी कमी करतात. हाड भरून यायलाही ऊर्जा लागते. तुम्हाला हे लागू आहे की नाही ते मला इथून कळणार नाही, पण तुम्ही तपासून घ्यावं असं मला ठामपणे वाटतं. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तलाव हा त्यावरचा उपाय नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि तसे विचार येत असतील तर आजच कुणाशी तरी बोला.

काही गोष्टी भरभर. पोहता येत नसेल तर पट्टा असूनही खोल पाण्यात एकटं उतरायचं नाही. दम वाढवायचा म्हणून पाण्याखाली श्वास रोखण्याचे प्रयोग करू नका, विशेषतः आधी जोरजोरात श्वास घेऊन. त्यात पूर्वसूचना न मिळता शुद्ध जाते. उघडी जखम, ताप, जुलाब, कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर पाण्यापासून लांब. फिट्स किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. क्लोरीनचा उग्र वास कोंदलेल्या बंद तलावात दम्याचा त्रास वाढू शकतो.

परत येताना घाई करू नका. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की आधी छातीएवढ्या पाण्यात तळाला पाय टेकवून धावा, मग कमरेएवढ्या पाण्यात. तळ खरखरीत असतो, पायात काहीतरी घाला. त्यानंतर जमिनीवर, १ मिनिट धावणं आणि १ मिनिट चालणं इथून सुरुवात, एक दिवसाआड. जोराचे दोन्ही दिवस तोवर पाण्यातच राहू द्यात आणि ते एकेक करून ट्रॅकवर आणा, दोन्ही एकाच आठवड्यात नको. इजेची नेमकी जागा आणि डॉक्टरांनी सांगितलेली तारीख कळवलीत तर पुढच्या चार आठवड्यांचं वेळापत्रक सोबत बसून ठरवू.